सिव्हिलची खाट, घरची पिशवी : नंदुरबारमधला डायलिसिसचा प्रश्न

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला जगवण्याचे आज तीन मार्ग आहेत. यंत्रावर रक्त शुद्ध करायचे, पोटाच्या आतल्या पडद्यातून शरीरातली घाण काढायची, किंवा दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवायचे. पहिला मार्ग गेल्या दहा वर्षांत सरकारी योजनांच्या आधाराने जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत आला. तिसरा मोजक्यांच्याच वाट्याला येतो. मधला, म्हणजे घरी करायचा पोटाचा डायलिसिस, वैद्यकाला जवळजवळ पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे आणि आपल्याकडे अजून कडेलाच पडून आहे. तो तिथे का पडला, त्याला पुढे आणावे असे म्हणणाऱ्यांचे आणि नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे काय, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या वादाला कोणते वळण मिळते, हे पाहण्यासाठी हा आढावा.

जिल्हा आणि आजार

1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके : नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तीत 69 टक्के आदिवासी : भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. दक्षिणेकडे तापीच्या काठाने केळी, पपई, ऊस, मिरची पिकते. उत्तरेकडे सातपुडा चढत जातो आणि घरे डोंगरउतारावरच्या पाड्यांमध्ये विखुरतात. धडगावच्या माणसाला नंदुरबार गाठायचे तर आधी घाट उतरायचा. चांदसैलीच्या घाटात पावसाळ्यात दरडी येतात. नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गावांना सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे बोटीवाचून गत्यंतर नाही. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्ण अजूनही बांबूच्या झोळीतून आणावा लागतो.

झोळीतून एकदा आणता येते. सर्पदंश झाला, बाळंतपण अडले, तर चार माणसे खांदा देतात. डायलिसिसचा रुग्ण मात्र आठवड्यातून दोनदा-तीनदा आणायचा असतो, तोही जन्मभर. या भूगोलात प्रश्नाचे मूळ इथे आहे.

आजार येतो कुठून? भारतातल्या दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराच्या नोंदवहीचा 52 हजारांहून अधिक रुग्णांवर आधारलेला अहवाल 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 31 टक्के रुग्णांचे कारण मधुमेह होते, 13 टक्क्यांचे उच्च रक्तदाब, 14 टक्क्यांचे मूत्रपिंडातल्या गाळणीचा दाह. आणि 16 टक्क्यांचे कारण सांगताच आले नाही. ज्यांचे कारण कळत नाही ते बहुधा उशिरा आलेले असतात. तोवर मूत्रपिंडे आक्रसून गेलेली असतात आणि मूळ आजाराची खूण उरलेली नसते. सातपुड्याच्या पट्ट्यात यात सिकलसेल या रक्तविकाराची भर पडते. या आजारात मूत्रपिंडाच्या आतल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे तुंबत राहतात. आधी लघवी दाट करण्याची क्षमता जाते, मग लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, आणि काही रुग्णांमध्ये पुढे मूत्रपिंडच थकते. शिवाय ज्याला वारंवार रक्त चढवले आहे त्याच्या शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, त्यामुळे प्रत्यारोपणासाठी जुळणारा दाता मिळणेही अवघड होते. सिकलसेल तपासणीच्या मोहिमा जिल्ह्यात होत आल्या आहेत. त्याच वेळी लघवीतल्या प्रथिनांची साधी पट्टी-चाचणी केली तर फारसे काही जादा लागणार नाही.

घोणसाचा दंश, बाळंतपणातला रक्तस्राव, मलेरिया, जुलाब यांनीही मूत्रपिंडे एकाएकी बंद पडतात. हा आजार वेगळा : काही दिवस किंवा आठवडे निभावले तर मूत्रपिंडे बहुतेक वेळा पुन्हा चालू होतात. त्याकडे शेवटी येऊ.

यंत्र, नळी आणि एक प्रसिद्ध रुग्ण

नेदरलँड्समधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये, जर्मन अंमलाखाली, फिरत्या पिंपाचे यंत्र रुग्णावर वापरले. 1960 मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातल्या रक्तवाहिन्यांना कायमची जोडता येईल अशी नळी तयार केली आणि तात्पुरता उपचार जन्मभराचा झाला. यंत्रे कमी, रुग्ण जास्त, म्हणून 1964च्या सुमारास सिएटल, बोस्टन आणि लंडन इथे यंत्रच रुग्णाच्या घरी नेण्यात आले. म्हणजे घरचा डायलिसिस ही नवी टूम नाही.

पोटाच्या डायलिसिसची वाट वेगळी. आतड्यांवरचे उदरपटल हे मुळातच गाळणीसारखे असते. जर्मनीतल्या गेओर्ग गांटर यांनी 1923 मध्ये त्याचा माणसावर प्रयोग केला. 1968 मध्ये हेन्री टेन्कॉफ यांची मऊ, कायम ठेवता येणारी नळी आली. 1976 मध्ये पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी द्रव पोटात सतत ठेवून दिवसातून काही वेळा बदलण्याची पद्धत मांडली आणि दोन वर्षांत टोरांटोच्या ओरिओपोलस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या. भारतात ही पद्धत 1991 मध्ये सुरू झाली.

आपल्याकडे डायलिसिस हा शब्द सामान्य वाचकापर्यंत पोहोचला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. नोव्हेंबर 1975 मध्ये कैदेतून सुटले तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचा डायलिसिस सुरू झाला, मग पाटण्यात यंत्र घरी आले, आणि 8 ऑक्टोबर 1979 पर्यंत, म्हणजे चार वर्षांच्या आसपास, ते त्यावर जगले. यंत्रासाठी इंदिरा गांधींनी पाठवलेले 90 हजार रुपये परत गेले आणि लोकवर्गणीतून पैसे उभे राहिले. त्या काळी एका माणसाचे यंत्र ही राष्ट्रीय बातमी होती. जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी पुढे चेन्नईला गेले आणि या वादातल्या एका वेगळ्याच बाजूचे नाव झाले.

सरकारी योजनांचा कल

महाराष्ट्रात 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आता विमाकवच कुटुंबामागे 5 लाख आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी साडेचार लाख आहे. केंद्राने 2016-17च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. तेव्हाच्या भाषणातला अंदाज असा होता की देशात दरवर्षी 2.2 लाख नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यांच्यासाठी 3.4 कोटी डायलिसिसची जादा गरज निर्माण होते. एका वेळचा खर्च सुमारे 2 हजार, वर्षाचा 3 लाखांवर. उपाय ठरला तो खासगी भागीदारीचा : जिल्हा रुग्णालयाने जागा, वीज, पाणी द्यायचे, कंपनीने यंत्रे आणि माणसे आणायची, दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला पैसे पडायचे नाहीत. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे याच कार्यक्रमात 2019 मध्ये आली.

म्हणजे कागदावर आज दोन्ही मार्ग मान्य आहेत. पण योजनांचे पैसे मोजले जातात ते रुग्णालयात घडलेल्या उपचाराचे. रुग्ण खाटेवर आला, चार तास यंत्र चालले, नोंद झाली, बिल निघाले. घरच्या पिशवीचे तसे नाही. ती कुणी लावली, कधी लावली, हे कुणी पाहत नाही. विम्याच्या पॅकेजमध्ये ती बसवायला त्रास होतो, आणि माझ्या समजुतीने हा मार्ग मागे पडण्याचे वैद्यकीय कारणांइतकेच मोठे कारण हे आहे.

केंद्रावरच्या डायलिसिसच्या बाजूने

ही बाजू भक्कम आहे, ती नीट ऐकायला हवी. चार तास रुग्ण प्रशिक्षित माणसांच्या नजरेसमोर असतो. रक्तदाब कोसळला, छातीत दुखले, तर धावणारे कुणी असते. वजन मोजले जाते, हिमोग्लोबिन पाहिले जाते, इंजेक्शन चुकत नाही. घर कुडाचे आहे की सिमेंटचे, हात धुवायला पाणी नळाचे आहे की डोंगरातल्या झऱ्याचे, याचा उपचारावर परिणाम होत नाही. नंदुरबारला 2020 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मनुष्यबळ हळूहळू वाढेल, मग सोय तालुक्याच्या गावी न्यावी, असे या बाजूचे लोक म्हणतात. ज्यांना ‘सिव्हिल’, म्हणजे जिल्हा रुग्णालय, लांब पडते ते सुरतची गाडी धरतात. ताप्ती लाइन सोयीची आहे. नवापूरचे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये. आजारी माणसाला त्या सीमारेषेचे काही वाटत नाही, योजनेच्या कार्डाला मात्र वाटते. फुले योजना राज्याची. केंद्राच्या आयुष्मान भारतचे कार्ड असेल तरच परराज्यात चालण्याची आशा.

अडचणीही ठळक आहेत. आठवड्यातून तीन डायलिसिस हे जगभरचे प्रमाण. भारतात अनेकांचे दोनावरच भागवले जाते. तीन धरले तर महिन्याला तेरा फेऱ्या, आणि सोबतीच्या माणसाच्याही तेरा. उपचार फुकट असला तरी गाडीभाडे, बाहेरचे जेवण आणि दोघांची बुडालेली मजुरी यांचा हिशेब कुठल्याच योजनेत नाही. चार तासांत यंत्रातून सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध केलेले पाणी जाते, शिवाय शुद्धीकरणात वाया जाते ते वेगळे. उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या भागात केंद्र काढायचे तर आधी पाणी पाहावे लागते. 2020च्या टाळेबंदीत या व्यवस्थेची परीक्षाच झाली. देशातल्या 19 मोठ्या रुग्णालयांच्या पाहणीत 28 टक्के रुग्णांचा किमान एक डायलिसिस चुकल्याचे दिसले. सातपुड्यात एरवीचा पावसाळाही काही दिवस तशीच टाळेबंदी आणतो.

घरच्या पिशवीच्या बाजूने

पोटाच्या डायलिसिसमध्ये बेंबीजवळ एक मऊ नळी कायम बसवलेली असते. तिच्यावाटे दोन लिटर ग्लुकोजयुक्त द्रव पोटात सोडायचा, चार ते सहा तास राहू द्यायचा, मग जुना काढून नवा भरायचा. याला रुग्ण ‘बॅग लावणे’ म्हणतात. एका वेळी अर्धा-पाऊण तास, दिवसातून तीन किंवा चार वेळा. वीज लागत नाही. यंत्र लागत नाही. सुई टोचावी लागत नाही. पिशवी उंच टांगायला एक खुंटी, बसायला स्वच्छ कोपरा, साबण आणि तोंडावर मास्क. रात्री झोपेत हे काम आपोआप करणारे यंत्रही असते, पण ते विजेवर चालते आणि महाग पडते.

दिनक्रमावर होणारा फरक मोठा आहे. यंत्रावरच्या रुग्णाला दोन डायलिसिसच्या मधे पाणी साचते, म्हणून दिवसाला लिटरभर द्रवावर राहायचे. पोटॅशियम वाढून हृदय थांबू नये म्हणून केळे वर्ज्य, भाज्या उकळून पाणी ओतायचे. शहाद्याच्या केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्याने केळे खायचे नाही. पोटाच्या डायलिसिसवर पथ्य सैल होते, कारण शुद्धीकरण रोज चालते. लघवी थोडी शिल्लक असेल तर ती जास्त काळ टिकते. बॅगा तीन लावून मधल्या वेळात शेतावर, शाळेत, दुकानात बसता येते. मुलांच्या बाबतीत तर पुष्कळ डॉक्टर हाच मार्ग आधी सुचवतात.

दुसरी बाजू अशी की रोज 5 ते 10 ग्रॅम प्रथिने द्रवाबरोबर निघून जातात आणि ती खाण्यातून भरावी लागतात. कुपोषणासाठी राज्यभर नाव गेलेल्या जिल्ह्यात अंडी, मासे, डाळ रोज ताटात यायची म्हणजे घरखर्चाचाच प्रश्न. दादर ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा यांवर हे भरून निघत नाही. ग्लुकोज अंगात शोषले जाते, त्यामुळे मधुमेहींची साखर चढते. आणि सर्वांत मोठी भीती पेरिटोनायटिसची, म्हणजे पोटात जंतू शिरण्याची. बाहेर आलेले पाणी गढूळ दिसले आणि पोट दुखू लागले की काही तासांत प्रतिजैविक पोटात जायला हवे. पोटाच्या डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे 2022चे उद्दिष्ट असे की एका रुग्णाला वर्षाला सरासरी 0.40पेक्षा जास्त वेळा हा जंतुसंसर्ग होऊ नये, म्हणजे अडीच वर्षांत एकदा. नळी जोडताना हात कुठे लागतो, यावर ते ठरते. गरिबाच्या घरी हे जमणार नाही, असा सरसकट निष्कर्ष काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. शिकवणारा रुग्णाच्या बोलीत, पावरी किंवा मावचीत, आठवडा-दोन आठवडे हाताला वळण लावतो की मराठी छापील पत्रक हातात देऊन पाठवतो, याने फरक पडणारच.

यंत्र घरी नेण्याचा मार्गही आहे. मुंबई-पुण्यात काही कुटुंबे तो चालवतात. शुद्ध पाण्याचा संच आणि खात्रीची वीज लागते, म्हणून पाड्यावर त्याचा विचार तूर्त सोडून द्यावा.

पुरावा काय म्हणतो

दोन पद्धतींत आयुष्य कशाने वाढते? थेट उत्तर नाही. नेदरलँड्समध्ये चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटण्याचा प्रयत्न झाला. पात्र रुग्ण सातशेहून अधिक होते, तयार झाले 38. बाकीच्यांना आपण कसे जगायचे हे चिठ्ठीवर सोडायचे नव्हते. मोठ्या नोंदवह्यांवरून एवढे म्हणता येते की पहिली काही वर्षे फरक फारसा नसतो आणि पुढे उदरपटल थकले की अनेकांना यंत्रावर जावे लागते.

धोरणाच्या पातळीवर थायलंडचा अनुभव उपयोगी आहे. तिथे 2008 पासून सरकारी योजनेतल्या रुग्णाला आधी पोटाचा डायलिसिस, असा नियम होता. द्रवाच्या पेट्या टपाल खात्यामार्फत घरपोच जात. 2022 मध्ये निवड खुली केली, लोक यंत्राकडे वळले, खर्च आणि मृत्यू दोन्ही वाढल्याची ओरड झाली आणि 2025 मध्ये धोरण पुन्हा मागे फिरले. हाँगकाँगने हाच क्रम 1985 पासून ठेवला आहे. भारतात केरळने घरच्या डायलिसिसचे साहित्य सरकारी खर्चाने द्यायला सुरुवात केली. पण केरळात रस्ता दारापर्यंत जातो आणि दाट वस्तीत आरोग्य केंद्र जवळ असते. तिथले यश सातपुड्यात जसेच्या तसे उतरेल असे धरता येत नाही.

तिसरी आणि चौथी बाजू

डॉ. मणींची बाजू अशी : डायलिसिसवर इतका पैसा घालण्याआधी तो लागूच नये हे पाहा. त्यांच्या किडनी हेल्प ट्रस्टने चेन्नईजवळच्या खेड्यांत स्थानिक कार्यकर्त्यांकडून घरोघर रक्तदाब मोजला, लघवी तपासली आणि स्वस्तातल्या जुन्या औषधांवर मधुमेह-रक्तदाब आटोक्यात ठेवून दाखवला. हे नंदुरबारात आशा कार्यकर्तीला अशक्य नाही. आज ज्याची मूत्रपिंडे गेली आहेत त्याला मात्र यातून काही मिळत नाही. प्रत्यारोपण सर्वांत चांगले खरे, पण दाता बहुधा घरातलाच लागतो, शस्त्रक्रिया मुंबई-पुणे-नाशिकला किंवा अहमदाबादला, आणि त्यानंतरची औषधे जन्मभराची.

चौथे म्हणणे मोठ्याने कुणी मांडत नाही. वय झालेल्या, हृदय थकलेल्या माणसाला डायलिसिस न करता धाप, खाज, मळमळ यांवर उपचार देत घरी सांभाळणे हाही अधिकृत वैद्यकीय मार्ग आहे. आज पाड्यावरचे कितीतरी म्हातारे असेच घरी जातात. फरक एवढाच की त्यांना औषध मिळत नाही आणि हा निर्णय त्यांनी घेतलेला नसतो.

जे सुटलेले नाही

पहिला प्रश्न ओझ्याचा. दिवसाला तीन पिशव्या धरल्या तर महिन्याला नव्वद, म्हणजे 180 लिटर द्रव. तो कडक उन्हात आणि ओलीत ठेवायचा नाही. कंपनीचा टेम्पो शहाद्यापर्यंत येईल; पुढे? रेशनचे धान्य डोंगरात जाते, मतदानयंत्रे नर्मदेतून बोटीने जातात, तेव्हा नेता येतच नाही असे नाही. पण दरमहा, न चुकता, चांदसैली बंद असतानाही नेण्याची जबाबदारी कोणत्या खात्याची, हे कुठे लिहिलेले नाही. आणि अंतर कुणीतरी कापायचेच आहे. केंद्रात ते रुग्ण कापतो, घरच्या पद्धतीत पुरवठा करणाऱ्याने कापायचे. मला हा वाद मुख्यतः याच जागी अडलेला दिसतो.

दुसरा स्थलांतराचा. दिवाळीनंतर घरेच्या घरे ऊसतोडीला आणि कामासाठी गुजरातेत जातात, होळीला परततात. यंत्रावरचा रुग्ण मागे राहतो आणि त्याच्यासाठी आणखी कुणीतरी मागे राहते, म्हणजे कोयताच, ऊसतोडीची जोडीच, मोडतो. पिशवी बरोबर नेता येते. पण उसाच्या फडाशेजारच्या पालात ती लावायची का, यावर डॉक्टरांचे एकमत होणे कठीण. फ्रान्समध्ये नर्स घरी जाऊन बॅग लावते. आपल्याकडे हे काम आशाने करावे असे सुचवले जाते, पण तिच्यावर आधीच किती कामे आहेत आणि याचे मानधन किती, हे सुचवणारे सांगत नाहीत.

तिसरा पैशाचा. पिशव्यांचा महिन्याचा खर्च साधारण वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो. द्रवाचे कारखाने मोजके आणि रुग्ण थोडे, म्हणून किंमत चढी. किंमत चढी, म्हणून रुग्ण थोडे. राज्याने एकगठ्ठा खरेदी केली तर किंमत किती उतरेल, याचा अंदाज निविदा काढल्याशिवाय येणार नाही. योजनेचा लाभ घ्यायला लागणारी कार्डे हा आणखी एक अडथळा. देशातले पहिले आधार कार्ड 2010 मध्ये ज्या टेंभलीत दिले गेले ते गाव याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यात आहे. तरी कागद अपुरे म्हणून माघारी फिरणारे इथे कमी नाहीत.

चौथा प्रश्न एकाएकी बंद पडलेल्या मूत्रपिंडांचा. सर्पदंशानंतर लघवी थांबलेल्या मुलाला यंत्रापर्यंत नेण्यात दिवस जातो. पोटात नळी घालून काही दिवस द्रव फिरवणे हे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, यंत्राविना, शिकवलेल्या डॉक्टरला करता येते. आफ्रिका आणि आशियातल्या गरीब भागांत असे प्रशिक्षण देणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून चालू आहे. जन्मभराच्या घरगुती डायलिसिसवर मतभेद असलेले मूत्रपिंडतज्ज्ञही या वापरावर फारसे भांडत नाहीत. धडगाव आणि मोलगीसारख्या डोंगरातल्या गावांच्या डॉक्टरांना ही एक गोष्ट आधी शिकवली, तर नळी, द्रव आणि गढूळ पाण्याची ओळख तिथल्या नर्सना आपसूक होईल. घरच्या रुग्णाला लागणारी तीच ओळख.

शेवटचा मोजणीचा. डायलिसिस केंद्राच्या वहीत आलेल्यांची नोंद असते. दोन आठवडे येऊन तिसऱ्या आठवड्यात न आलेल्याच्या नावापुढे रिकामा रकाना राहतो. तो सुरतला गेला, फडावर गेला, की गेलाच, हे त्या रकान्यातून कळत नाही. कोणती पद्धत या जिल्ह्यात माणसाला जास्त काळ जगवते हे ठरवायचे असेल, तर आधी त्या रिकाम्या रकान्यांमागच्या घरी कुणाला तरी जाऊन विचारावे लागेल.